कचऱ्याला पाणी पाजावे काय?

यंदाच्या अंकासाठी मी कचऱ्यावर लिहिणार असे जाहीर केले तेव्हा वर्गातील मैत्रिणींनी नाके मुरडली. "कविता दे, नाहीतर सहलीचे वर्णन दे, कचरा कोण वाचणार?" असे त्यांचे म्हणणे. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. परंतु आम्ही घाटल्याला राहतो. संध्याकाळी वारा पूर्वेकडून आला की आमच्याकडे खिडक्या लावून घेतात आणि पाहुण्यांना काही सांगावे लागत नाही. तेव्हा हा विषय मी शोधला नाही, तो वाऱ्याबरोबर घरात आला एवढेच.

जानेवारी 2016 मध्ये देवनारच्या क्षेपणभूमीला मोठी आग लागली तेव्हा मी पाचवीत होते. धूर इतका होता की महानगरपालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि तो धूर अमेरिकेच्या 'नासा'च्या उपग्रहांनीही टिपला. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून आम्ही मुले आधी खूष झालो. दुपारपर्यंत घशात खवखव सुरू झाल्यावर खुशी मावळली. आग कोणी लावली की आपोआप लागली यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र तेव्हापासून निराळाच प्रश्न पडला होता : तिथला कचरा इतकी वर्षे पडून आहे, तर तो कुजून माती का झाला नाही? आजी सांगायची की गावाकडचा उकिरडा वर्षभरात खत होऊन शेतात जातो. मग देवनारचा उकिरडा शंभर वर्षे उकिरडाच कसा राहतो?

शंभर वर्षे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. 1896 च्या प्लेगने मुंबई हादरली आणि शहरातील घाण शहराबाहेर दूर नेऊन टाकण्याची निकड पालिकेला भासली. चेंबूरजवळची खाडीकाठची दलदल त्यासाठी निवडली गेली आणि तेथपर्यंत कचऱ्याच्या आगगाड्या जाऊ लागल्या. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग 1906 मध्ये झाला. त्यावरून उतारूंची वाहतूक सुरू झाली ती 1924 मध्ये. म्हणजे आपल्यापैकी जे हार्बर मार्गाने कॉलेजला येतात, ते ज्या वाटेने येतात त्या वाटेने माणसांच्या आधी कचरा आलेला आहे. देवनारची आजची क्षेपणभूमी 1927 पासूनची मानतात. मुंबईच्या कचऱ्याचा हा डोंगर पुढे कित्येक मजले उंच झाला.

आता कुजण्याकडे वळू. कुजणे म्हणजे नुसते नासणे नव्हे, ती जिवंत प्राण्यांची मेजवानी आहे. कचरा टाकल्याबरोबर त्यात अडकलेल्या हवेवर जगणारे जीवाणू कामाला लागतात. त्यांनी हवा संपवली की हवेविना जगणाऱ्या जीवाणूंची पाळी येते. यांच्यातही दोन पंगती असतात. पहिली पंगत भात, भाज्या, साली, कागद यांची फोड करून आम्ले तयार करते. दुसरी पंगत ती आम्ले खाऊन मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू सोडते. भरावातून निघणाऱ्या वायूत या दोहोंचा वाटा साधारण निम्मानिम्मा असतो. पहिल्या पंगतीचे जीवाणू दणकट आणि खादाड, दुसऱ्या पंगतीचे नाजूक. फार आंबट झाले की ते जेवायचे थांबतात. पहिल्यांचा वेग दुसऱ्यांना झेपला नाही तर सगळा ढीग आंबून बसतो, लोणचे घातल्यासारखा टिकून राहतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचेच काम पडणार आहे.

या सर्व जीवांना सर्वांत आधी लागते ते पाणी. पाणी नसेल तर कुजणे जवळजवळ थांबते. याचा सुंदर पुरावा एका पुरातत्त्वज्ञाने दिला आहे, म्हणून कला शाखेच्या वाचकांना तो विशेष आवडावा. ॲरिझोना विद्यापीठातील विल्यम राथ्जे यांनी 1973 मध्ये कचऱ्याचा पुरातत्त्वीय पद्धतीने अभ्यास सुरू केला आणि 1987 पासून अमेरिकेतील जुने भराव ते खणू लागले. जमिनीत गाडलेला कचरा केव्हाच माती झाला असेल अशी सर्वांची समजूत होती. राथ्जे यांना तेथे कित्येक दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा स्थितीत सापडली; थरांचे वय ठरवायला त्यांवरच्या तारखाच उपयोगी पडल्या. खाद्यपदार्थही ओळखू येत होते. हडप्पाच्या मातीत आपण जे शोधतो ते तेथे आपोआप जपून ठेवले गेले होते, फक्त ते कोणाला नको होते.

असे का झाले? तर आधुनिक भरावाची रचनाच तशी होती. कचऱ्यात पाणी मुरले की त्यातून काळे, विषारी पाणी खाली उतरते. त्याला लीचेट म्हणतात. मी या लेखात निथळपाणी म्हणेन. ते भूजलात मिसळू नये म्हणून अभियंत्यांनी कचरा वरून, खालून, बाजूंनी बंद करून टाकायचे ठरवले. पाणीच आत गेले नाही तर निथळपाणी येणार कोठून? आपल्याकडील 2000 सालच्या घनकचरा नियमांतही हाच विचार दिसतो. तळाशी 90 सेंटिमीटर जाडीचा घट्ट मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर. रोजचा कचरा रोज किमान 10 सेंटिमीटर मातीने झाकायचा. आणि पावसाळ्यापूर्वी 40 ते 65 सेंटिमीटरचा जाड थर टाकायचा. इंग्रजीत अशा भरावाला कोरडे थडगे म्हणतात. नाव अचूक आहे. थडग्यातले प्रेत टिकते. अस्तर मात्र अमर नसते, आणि ते कधी काळी फाटले की आत कुजायचे राहिलेले सगळे तेथून पुढे कुजू लागणार. संकट टळले नाही, नातवंडांच्या नावे लिहून ठेवले.

यावर उलटा विचार अमेरिकेतच पुढे आला. जॉर्जियातील तांत्रिक विद्यापीठात फ्रेडरिक पोलंड यांनी 1970 च्या दशकात असे प्रयोग केले की तळाशी जमलेले निथळपाणी बाहेर न टाकता पुन्हा कचऱ्यावरच सोडायचे. त्यात जीवाणू असतात, त्यांचे अन्न असते आणि ओलावा तर असतोच. हे पाणी फिरत राहिले की कुजणे कित्येक पटींनी वेगाने होते आणि निथळपाणीही हळूहळू निवळत जाते. त्याला जोड म्हणून आम्लता मारणारे द्रव्य आणि मुरलेल्या मैल्यातील जीवाणूंचे विरजण दिले तर काम आणखी लवकर होते, हेही त्यांना दिसले. या कल्पनेवर जी भरावभूमी बांधतात तिला बायोरिॲक्टर म्हणतात. अस्तर तेच, परंतु त्यावर खडीचा थर आणि जाळीदार नळ्या, त्यांतून पाणी गोळा करणारे पंप, कचऱ्याच्या थरांमध्ये ते पुन्हा सोडणाऱ्या आडव्या नळ्या आणि वायू ओढून घेणाऱ्या उभ्या विहिरी. कोरड्या भरावात ओलावा शेकडा 10 ते 20 असतो, येथे तो 35 ते 65 ठेवतात. जे कुजायला अनेक दशके लागतात ते काही वर्षांत कुजते, ढीग खाली बसतो, आणि शेकडा 15 ते 30 जागा मोकळी होते असा अमेरिकन पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. शिवाय मिथेन थोड्या वर्षांत भरपूर मिळत असल्याने त्यापासून वीज करणे परवडते. मिथेन मोकळा सोडणे मात्र महाग पडते. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो.

हे वाचल्यावर मला राहवेना. रंगाचे वीस लिटरचे तीन रिकामे डबे मिळवले आणि दिवाळीनंतर आमच्या गॅलरीत मांडले. आई म्हणाली, "लोक कुत्री पाळतात, मांजरे पाळतात, ही कचरा पाळते!" तिन्ही डब्यांत सारख्याच वजनाचा स्वयंपाकघरातला कचरा, शिळे पाव, फुलांचे निर्माल्य आणि वर्तमानपत्राचे तुकडे असे तीस सेंटिमीटर उंचीपर्यंत दाबून भरले. पहिल्या डब्यातला कचरा आधी चार दिवस उन्हात वाळवला आणि मग झाकण घट्ट लावले. हे आमचे थडगे. दुसऱ्यात पाणी ओतून ते आतच तुंबू दिले. तिसऱ्याच्या तळाशी तोटी बसवली, खाली तांब्या ठेवला आणि रोज सकाळी तांब्यात जमलेले पाणी पुन्हा वरून ओतू लागले. पूजेतल्या अभिषेकाची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते, वास सोडल्यास.

पहिले दोन आठवडे तिसरा डबा भराभर बसला. मग अचानक थांबला. वास बदलून आंबूस झाला. विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीकडून सामू मोजण्याचा कागद आणला तर तो पाचाच्या आसपास दाखवू लागला. म्हणजे पहिली पंगत जेवून उठली होती आणि दुसरी बसायलाच तयार नव्हती. मी पाणी फिरवत होते म्हणजे आम्लच फिरवत होते. भूगोलाच्या सरांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अग, तुझ्या पुस्तकातला कचरा अमेरिकेचा आहे, डब्यातला घाटल्याचा आहे."

या एका वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अमेरिकेतील कचऱ्यात कागद, पुठ्ठा, खोकी यांचा भरणा. तो मुळात कोरडा, म्हणून त्याला पाणी पाजावे लागते. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग अन्न आणि भाजीपाल्याचा, आणि त्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच. तो ट्रकमधून उतरतो तोच गळत. शिवाय आपली हवा उबदार, म्हणून जीवाणूंना थंड देशांतल्यासारखी डुलकी लागत नाही. आपला कचरा कुजायला आळशी नाही, तो अतिउत्साही आहे. त्याला वेग देण्याची गरज कमी. आंबटपणा आणि पाणी आवरण्याची गरज अधिक.

सरांच्या सांगण्यावरून मी पांजरापोळच्या बाजूने थोडे शेण आणले, पानवाल्याकडून चुना घेतला आणि दोन्ही पाण्यात कालवून तिसऱ्या डब्यात सोडले. आठवड्याभराने सामू साडेसहाच्या वर आला आणि तांब्यातल्या पाण्याचा रंग फिका होऊ लागला. डबा पुन्हा बसू लागला.

गॅलरीतल्या डब्यापासून खाडीकाठच्या भरावापर्यंत उडी मोठी आहे, हे मला कळते. डब्याला पाऊस लागत नाही. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. कचऱ्यात पाणी मोजून सोडायचे हे शास्त्र अशा ठिकाणी चालवायचे म्हणजे मुसळधार पावसात रोपांना झारीने पाणी घालण्यासारखे आहे. पाणी जास्त झाले तर काय होते याची उदाहरणे भयंकर आहेत. कोलंबियाच्या बोगोटा शहरातील दोन्या हुआना या भरावात निथळपाणी पुन्हा आत सोडत असत. सप्टेंबर 1997 मध्ये आतील दाब वाढून लाखो घनमीटर कचरा घसरला. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजा येथे 21 फेब्रुवारी 2005 रोजी पावसानंतर कचऱ्याचा कडा कोसळला आणि 140 हून अधिक माणसे गाडली गेली. तो बायोरिॲक्टर नव्हता, उघडा डोंगर होता; पण पाण्याने भिजलेल्या कचऱ्याचे वजन आणि घसरण दोन्हीकडे सारखीच. देवनारच्या पायथ्याशी शिवाजीनगर आणि बैंगणवाडीत किती दाट वस्ती आहे हे चेंबूरकरांना सांगायला नको.

आणखी एक अडचण जागेची. त्याच 2000 सालच्या नियमांत भूजलाची पातळी अस्तराखालच्या मातीपासून किमान दोन मीटर खाली असावी असे म्हटले आहे. मुंबईने कचऱ्यासाठी निवडलेल्या जागा बहुतेक खाडीकाठच्या. तेथे दोन मीटर खणले तर काय लागते, हे लहानपणी चिखलात खेकडे पकडलेल्या कोणालाही विचारावे.

असे असूनही मुंबईने हा मार्ग धरला आहे. ठाणे खाडीकाठी कांजूरमार्गला सुमारे 66 हेक्टरांवर बायोरिॲक्टर पद्धतीची भरावभूमी आहे. शहराच्या रोजच्या साडेसहा हजार टनांच्या आसपास कचऱ्यापैकी बहुतांश कचरा गेली काही वर्षे तेथे जातो. देवनारच्या उघड्या डोंगराशी तुलना केली तर ही प्रगती आहे हे मान्य केले पाहिजे. तळाला अस्तर आहे, निथळपाणी गोळा होते, वायू ओढून घेण्याची सोय आहे. पण विक्रोळी, कांजूर, भांडुप येथील रहिवाशांच्या दुर्गंधीबद्दलच्या तक्रारी वर्तमानपत्रांत सतत येत असतात. कुजणे वेगाने व्हावे असा प्रयत्न असेल तर वायूही वेगाने निघणार, आणि विहिरींनी ओढायच्या आत जो वरून निसटतो तो शेजाऱ्यांच्या घरात जाणार. वेग हवा असेल तर झाकणही तितकेच चांगले हवे. 2 मे 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तेथील जवळजवळ 120 हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निर्णय दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. न्यायालयात वाद जमिनीचा आहे, कुजण्याचा नाही. तरी शेवटी दोन्ही एकाच खाडीत येऊन मिळतात.

जुन्या डोंगरांचे काय, असे कोणी विचारील. गोराईचा भराव 2009 च्या सुमारास शास्त्रीय पद्धतीने झाकून त्यातील वायू गोळा करण्याची व्यवस्था झाली. मुलुंडचा 2018 मध्ये बंद करून तेथील सुमारे 70 लाख टन कचरा खणून, चाळून वेगळा करण्याचे काम हाती घेतले गेले. देवनारच्या 185 लाख टनांसाठी तशीच निविदा 2025 मध्ये निघाली. चाळणीतून काय निघते? माती, दगड, चिंध्या आणि प्लास्टिक. कुजायचे ते बरेचसे कुजले आहे, कुजायचे नाही ते तसेच आहे. आजीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. तिच्या उकिरड्यात प्लास्टिकची पिशवी नव्हती, आणि तो दर वर्षी उकरून शेतात पसरला जाई. देवनारच्या पोटातली माती प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलेली आहे.

या सर्व वाचनात मला एक विसंगती जाणवली. 2016 च्या घनकचरा नियमांचा रोख असा की कुजणारा कचरा भरावात जाऊच नये. त्याचे खत किंवा वायू करावा आणि भरावात फक्त ज्याचे काहीच होत नाही ते टाकावे. तसे खरोखर झाले तर बायोरिॲक्टरला खायलाच काही उरणार नाही. म्हणजे आपण इतका खर्च करून जी भरावभूमी बांधतो, तिचे चांगले चालणे हे घरोघरी ओला-सुका वेगळा न करण्यावर अवलंबून आहे! मला तरी हा बायोरिॲक्टर म्हणजे आपल्या आळसाचे शास्त्रशुद्ध घर वाटते. सर या मताशी सहमत नाहीत. त्यांचे म्हणणे, सव्वा कोटी माणसे एका रात्रीत शहाणी होत नसतात, तोवर उघड्या डोंगरापेक्षा हे बरे. त्यांचे बोलणे व्यवहाराचे आहे हे मी नाकारत नाही.

परंतु दुसरा रस्ता आपल्या अगदी शेजारीच आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा बायोगॅस प्रकल्प विकसित केला. त्यात ओला कचरा दळून आधी एका टाकीत हवा देऊन, उष्ण पाण्यात कुजवतात आणि मग दुसऱ्या बंद टाकीत मिथेन तयार करतात. माझ्या तिसऱ्या डब्यात जो घोटाळा झाला तो येथे होत नाही, कारण दोन्ही पंगती वेगवेगळ्या मांडवांत बसवल्या आहेत. पाऊस आत येत नाही, वायू बाहेर जात नाही. अट एकच : कचऱ्यात प्लास्टिक नको, हाडे नकोत, नारळाच्या करवंट्या नकोत. म्हणजे कोणीतरी तो निवडला पाहिजे. आज हे काम देवनारच्या आसपासच्या वस्त्यांतील कचरावेचक बाया हाताने करतात, तेही सगळे एकत्र कालवल्यानंतर, म्हणजे सर्वांत अवघड वेळी. घरातच दोन डबे ठेवले असते तर त्यांचा निम्मा त्रास वाचला असता.

फेब्रुवारीअखेर मी माझे तिन्ही डबे उघडले. पहिल्यातला कचरा तीसवरून सत्तावीस सेंटिमीटरवर आला होता. पाव दगडासारखा, निर्माल्यातला झेंडू अजून केशरी, आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यावरील क्रिकेटचा धावफलक स्पष्ट वाचता आला. राथ्जे यांची आठवण झाली. दुसऱ्याचे झाकण उघडताच शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि त्यांनी जे विचारले ते येथे छापता येणार नाही. तो चोवीसवर येऊन आंबून बसला होता. तिसरा सोळावर होता. त्यात वर्तमानपत्र सापडले नाही. काळसर, ओलसर, मातीच्या वासाचे काहीतरी होते आणि त्यात मी भरताना चुकून गेलेली दुधाची पिशवी, अगदी नवीकोरी. तिच्यावरची तारीखसुद्धा दिसत होती.

पिशवी धुऊन सुक्या कचऱ्यात टाकली. बाकीचे आईने तुळशीला आणि मोगऱ्याला घालू दिले, पण दुसऱ्या डब्यातले नाही. तो अजून गॅलरीच्या कोपऱ्यात आहे. त्यातही चुना आणि शेण घालून पाहायचे आहे, परीक्षा झाल्यावर.